दुव्यांचं गाठोडं: तीन ‘ॲप’ आणि एक मोडका शब्द

माझी एक पायथन स्क्रिप्ट संकेतस्थळांच्या फीडांतून (म्हणजे ताज्या बातम्यांच्या, यंत्राला वाचता येणाऱ्या याद्यांतून) विज्ञान आणि नवउद्योगांच्या बातम्या गोळा करून दर रविवारी दुव्यांची यादी बनवते. मागच्या वेळी लिहिलं होतं, की एकच बातमी पुन्हा आली तर ओळखायला एम्बेडिंग मॉडेल, म्हणजे मजकुराचा अर्थ आकड्यांत मांडणारं मॉडेल, बसवतो. तो बेत रद्द. शनिवारी रात्री दीडला खरं दुखणं सापडलं, आणि ते मथळ्यांचे शब्द तोडण्यात निघालं.

लक्षणं आठवत असतील. एखाद्या ॲपला भांडवल मिळाल्याची बातमी तीन फीडांतून आली की रविवारच्या यादीत तीनदा दिसायची. उलट इस्रोच्या डॉकिंगची बातमी बॅटरीच्या कारखान्याला जाऊन चिकटायची! दोन मथळ्यांत किती शब्द सामाईक आहेत ते मोजणाऱ्या जॅकार्ड गुणांकाचा उंबरठा ०.४ पासून ०.७ पर्यंत फिरवला. एक खोड कमी झाली की दुसरी वाढायची.

शेवटी स्क्रिप्ट मथळ्याचे जे तुकडे करते ते छापून पाहिले. ‘स्टार्टअप’चे झाले होते स, ट, र, टअप. पायथनच्या अंगभूत रेजेक्समधला (मजकुरात नमुने शोधायच्या सोयीतला) बॅकस्लॅश-डब्ल्यू, म्हणजे ‘शब्दातलं अक्षर’ अशी खूण, काना, वेलांटी, पायमोडकं यांना शब्दाचा भाग धरतच नाही. इतके महिने सुटी व्यंजनं जुळत होती, आणि स, त, र कुठल्या मराठी मथळ्यात नसतात? ‘रेजेक्स’ नावाचंच वेगळं पॅकेज टाकलं, शब्द अखंड आले. देवनागरीवर काम करणाऱ्यांनी पहिल्या दिवशीच ते घ्यावं.

चिकटलेल्या बातम्या सुटल्या, तीनदा दिसणारी तिळी मात्र तशीच. कारण ‘ॲप’, ‘अॅप’ आणि ‘ऍप’! पहिल्यातला ॲ हे एकसंध अक्षर, युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणात) २००८ साली आलं. दुसऱ्यात अ आणि चंद्र वेगवेगळे; डोळ्यांना दोन्ही सारखेच. एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची युनिकोडची रीत, हे एकत्र करत नाही. र आणि नुक्ता सुटे आले तर त्यांचा ऱ करतं, पण अदृश्य जोडक घालून टाइप केलेला ‘दुसर्‍या’ आणि आपला ‘दुसऱ्या’ वेगळेच राहतात. हाताने सहा ओळींचा तक्ता लिहिला. या रविवारी यादीत एकही बातमी दोनदा नाही. ती मी तीनदा वर-खाली वाचली, इतकं बरं वाटलं.

फीडं वाचणाऱ्या फीडपार्सर या पायथन पॅकेजबद्दल पुन्हा एकदा कृतज्ञता. वेडीवाकडी फीडंही तो निमूट वाचतो. एका वृत्तसंकेतस्थळाच्या तारखा मात्र साडेपाच तास पुढच्या येतात, म्हणून आता बातमी मला प्रथम दिसली ती वेळच धरतो.

पुढे इंग्रजी-मराठी जोड्या जुळवायला लिप्यंतर करणार होतो. पण लिहिता लिहिता सुचतंय, विज्ञानाच्या बातमीला मथळा कशाला हवा? शोधनिबंधाचा डीओआय (त्याचा कायमचा ओळख क्रमांक) किंवा आर्काइव्ह (arXiv) या निबंधसंग्रहातला क्रमांक जुळला की झालं. मराठी बातम्या तो क्वचितच देतात, याची खंत आहे, द्यायलाच हवा. नवउद्योगांसाठी कंपनीचं नाव आणि रक्कम: १० कोटी म्हणजेच १०० मिलियन, हे स्क्रिप्टला कळलं पाहिजे. मग लिप्यंतर फक्त नावांपुरतं उरतं. लाख-कोटीचा तक्ता आज रात्रीच सुरू करतो, सिमहॅश (मजकुराचा छोटा ठसा काढून साम्य शोधायची रीत) नंतर.