दार दुसऱ्या मजल्यावर, लेव्हल पहिली

बालेवाडीतल्या एका निवासी इमारतीचं, रेव्हिट या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं मॉडेल आमच्याकडे होतं. पार्किंगवर बारा मजले, मजल्याला चार टू बीएचके. एका फ्लॅटला सात दारं: मुख्य दार, दोन बेडरूम, दोन टॉयलेट, ड्राय बाल्कनी आणि हॉलचं स्लायडिंग. मजल्याला २८, म्हणजे एकूण ३३६. शेड्यूलची, म्हणजे मॉडेलमधून आपोआप निघणाऱ्या यादीची, बेरीजही ३३६च येत होती, त्यामुळे कुणाला शंका आली नव्हती.

त्या दिवशी कंत्राटदाराच्या बिलिंग इंजिनिअरने मजल्यानुसार यादी मागितली. शेड्यूल लेव्हलप्रमाणे, म्हणजे दार ज्या मजल्याच्या नावावर नोंदलंय त्याप्रमाणे, लावलं तर पहिल्या मजल्यावर ८४ दारं. दुसऱ्या आणि तिसऱ्यावर एकही नाही. प्लॅन उघडले तर तिन्ही मजल्यांवर २८-२८ दारं जागच्या जागी.

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. प्लॅन व्ह्यू वस्तूची लेव्हल विचारत नाही. वस्तू व्ह्यू रेंजच्या, म्हणजे प्लॅनमध्ये दाखवायच्या उंचीच्या, पट्ट्यात आली, की ती दिसते. शेड्यूल मात्र प्रॉपर्टीजमधली लेव्हल वाचतं. शेत कोण कसतो ते बांधावरून दिसतं, नावावर कुणाचं आहे ते सातबाऱ्यावरच कळतं, तसंच हे. म्हणून ही चूक ड्रॉइंग तपासून सापडत नाही.

शेड्यूलमध्ये सिल हाइटचा (लेव्हलपासून दाराच्या तळाची उंची) कॉलम टाकल्यावर कारण समोर आलं: २८ दारांची सिल हाइट ३००० मिमी, आणखी २८ची ६०००. सेक्शन व्ह्यूमध्ये, म्हणजे उभ्या छेदात, पहिल्या मजल्यावरची दारं निवडून ती कॉपीने वर नेलेली होती. तशी कॉपी केली की दार वर जातं, पण लेव्हल जुनीच राहते आणि फरक सिल हाइटमध्ये जमा होतो. चौथ्या मजल्यापासून वरची दारं क्लिपबोर्डवर घेऊन ‘पेस्ट अलाइन्ड टू सिलेक्टेड लेव्हल्स’ने टाकलेली होती, म्हणून ती बरोबर होती. त्याच मेन्यूतल्या ‘सेम प्लेस’ने हे काम होत नाही.

बिलापुरता आकडा हाताने दुरुस्त करून चाललं नसतं. आर्किटेक्टने मजल्याची उंची ३००० वरून ३०५० केली होती आणि तो बदल त्याच दिवशी मॉडेलमध्ये घ्यायचा होता. आधी सेंट्रल फाइलपासून (सगळ्यांची सामाईक मूळ फाइल) डिटॅच केलेल्या, म्हणजे वेगळ्या काढलेल्या, प्रतीवर करून पाहिलं. भिंतींचा बेस कन्स्ट्रेंट, म्हणजे तळ कोणत्या लेव्हलला बांधलाय ते, योग्य होता, त्या लेव्हलबरोबर वर गेल्या. दारं मात्र पहिल्या लेव्हलपासून ३००० आणि ६००० वरच थांबली: दुसऱ्या मजल्यावरची स्लॅबमध्ये ५० मिमी खाली रुतली, तिसऱ्यावरची १००. म्हणून आधी दारं दुरुस्त करायची आणि मगच लेव्हल हलवायची, असं ठरवलं.

दारं पुसून पुन्हा टाकणं सोपं वाटतं, पण त्यात दारांचे नंबर, टॅग आणि त्यांना धरलेली मापं जातात. म्हणून थ्रीडी व्ह्यूमध्ये फिल्टर लावला: लेव्हल पहिली आणि सिल हाइट २००० पेक्षा जास्त, रंग लाल. समोरच्या बाजूच्या एलेव्हेशनमधून एका मजल्याची लाल दारं माउसने चौकोन ओढून निवडली आणि प्रॉपर्टीजमध्ये लेव्हल दुसरी, सिल हाइट शून्य असं भरलं. इथे माउस पॅलेटबाहेर गेला, की भरलेलं आपोआप लागू होतं. फक्त लेव्हल बदलून माउस बाहेर गेला, तर ३००० ची सिल हाइट तशीच राहते आणि दार भिंतीबाहेर वर जाऊ पाहतं. दोन्ही रकाने भरल्याशिवाय माउस हलवायचा नाही.

मग बाकीच्या वस्तू. कमोड, बेसिन यांच्या ‘एलेव्हेशन फ्रॉम लेव्हल’मध्येही तेच ३००० निघालं, उपाय तोच. पाइप आणि डक्ट उलटे वागतात: त्यांची रेफरन्स लेव्हल बदलली, तर पाइप जागचा हलत नाही, ऑफसेटच, म्हणजे लेव्हलपासूनचं नोंदलेलं अंतर, बदलतो. सीलिंगच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या दिव्यांची लेव्हल बदलताच येत नाही. तिथे ‘शेड्यूल लेव्हल’ बदलायची, म्हणजे दिवा तिथेच राहून यादीत योग्य मजल्याखाली येतो. लिफ्टभोवतीच्या कोअरची भिंत तीन मजल्यांतून एकसंध उभी होती. अशा भिंतीचं सगळं काँक्रीट बेस लेव्हलच्या नावावर पडतं, म्हणून ती मजल्यागणिक वेगळी केली.

मॉडेलमध्ये ‘लिंटेल’ (दार-खिडकीवरची आडवी तुळई) आणि ‘सन्क’ (टॉयलेटचा खाली घेतलेला स्लॅब) नावाच्या जादा लेव्हलही सापडल्या. त्या करूच नयेत. लिंटेलच्या उंचीसाठी रेफरन्स प्लेन, म्हणजे मापापुरतं काल्पनिक प्रतल, पुरतं आणि टॉयलेटचा सन्क स्लॅब मजल्याच्याच लेव्हलवर उणे ऑफसेट देऊन ठेवावा. अशा लेव्हल आयएफसीमध्ये (दुसऱ्या सॉफ्टवेअरला मॉडेल देण्याचं फाइल स्वरूप) स्वतंत्र मजले म्हणून जाऊ शकतात. एखाद्याने नीटनेटकेपणासाठी ती लेव्हल पुसली, तर तिच्यावर बसलेलं सगळं पुसलं जातं. रेव्हिट आधी यादी दाखवतं, पण घाईत ओके दाबला जातो. आमच्या ‘सन्क’ लेव्हलवर सगळ्या टॉयलेटचे स्लॅब होते. ते मूळ लेव्हलवर आणून ऑफसेट भरला, सेक्शनमध्ये जागा तपासली आणि मगच ती लेव्हल काढली.

संध्याकाळी ३०५० ची उंची खऱ्या फाइलमध्ये घेतली. सेक्शनमध्ये प्रत्येक उंबरा स्लॅबवर टेकला होता. मजल्यानुसार यादी पाठवली: बारा ओळी, प्रत्येकीसमोर २८.