धमन्यांची हद्द न पाळणारा डाग

लातूरच्या आमच्या सेंटरवर त्या दुपारी एका चौदा वर्षांच्या मुलीचा मेंदूचा एमआरआय आला. झटके, उलट्या, डावीकडचं दिसत नाही. चिठ्ठीवर निदान म्हणून ‘स्ट्रोक?’ एवढंच.

उजव्या मेंदूच्या मागच्या भागात ताजा डाग होता. पण धमनी तुंबली की तिच्या हद्दीतलाच मेंदू मरतो. हा डाग दोन धमन्यांच्या मुलखात पसरलेला, बाह्यकाचं, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचं, वळण धरून चाललेला. अँजिओग्राफीत सगळ्या धमन्या मोकळ्या. डाव्या बाजूला जुना, आक्रसलेला व्रण, म्हणजे असं आधीही घडून गेलं होतं. मला मेलासची शंका आली. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा हा आजार १९८४ साली या नावानं नोंदला गेला.

मग स्पेक्ट्रोस्कोपी केली, म्हणजे एमआरआयवरच मेंदूतल्या रसायनांची तपासणी. पेशींची ऊर्जा कमी पडली की साठणारं लॅक्टेट ताज्या स्ट्रोकमध्येही सापडतं, म्हणून तपासणीची चौकट मुद्दाम डागाबाहेर, चांगल्या दिसणाऱ्या भागावर आणि मेंदूच्या पोकळीतल्या पाण्यावर ठेवली. दोन्हीकडं आलेखावर लॅक्टेटच्या ठरलेल्या जागी, १.३ पीपीएमला, त्याचं जोडटोक उभं राहिलं. टीई, म्हणजे संकेत टिपण्याची वेळ, १४४ मिलिसेकंद केल्यावर लॅक्टेटचं टोक उलटं होतं, तसं ते झालं. आता शंकेला फारशी जागा नव्हती.

बाहेर वडील म्हणाले, “साहेब, नात्यातलं लग्न नाही आमचं.” मी विचारत होतो आईबद्दल. ती कान पुढं करून ऐकत होती. ऐकू कमी येतं, पस्तिशीतच शुगर, आजोळीही दोघांना तेच. आजी लगेच सुनेकडं बघू लागली. त्या नजरेनं मला फार त्रास झाला. हा दोष आईकडूनच येतो हे खरं, पण तिलाही तो तिच्या आईकडून आलेला. “मावशी, यात कुणाची चूक नाही. लेकराला आणि सुनेला, दोघींनाही उपचार लागतील,” मी स्पष्ट सांगितलं.

रिपोर्ट टाइप होण्याआधीच मेंदूविकारतज्ज्ञांना फोन केला, कारण झटक्यांसाठी व्हॅल्प्रोएट चालू होतं आणि या आजारात ते घातक ठरू शकतं. त्यांनी त्याच संध्याकाळी त्याऐवजी लेव्हेटिरासेटाम सुरू केलं. जनुकतपासणीसाठी रक्ताबरोबर लघवीचाही नमुना हैदराबादला पाठवायला सुचवलं. कारण रक्तातलं या दोषाचं प्रमाण वयानुसार घटतं. उत्तर आलं: मायटोकाँड्रियाच्या डीएनएत ३२४३ व्या जागी ए या अक्षराऐवजी जी. मेलासच्या सुमारे ८० टक्के रुग्णांत हाच बदल असतो.

आजार बरा होत नाही, हे घरच्यांना सांगावंच लागलं. आईचा ईसीजी आणि धाकट्या भावाच्या कानांची व साखरेची तपासणी त्याच आठवड्यात लावून दिली.