तिसऱ्या मजल्यावरची मागची खोली

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

किल्ली समोर टेबलावर ठेवली आहे. तिला अडकवलेला पितळी गोळा चांगलाच जड आहे, पर्समध्ये टाकून हिंडावं असा नाहीच. तो त्यासाठीच असतो: पाहुण्याने बाहेर पडताना किल्ली काउंटरवर ठेवून जावी. आज दोनदा ठेवली, दोनदा घेतली. दुसऱ्यांदा मी खोलीचा नंबर सांगायच्या आत काउंटरवरच्या गृहस्थांनी ती पुढे केली. कार्ड टेकवून दार उघडणाऱ्या हॉटेलांत मी आठवडा-आठवडा राहिले आहे, तिथे मला असं कुणी ओळखलं नव्हतं. बरं वाटलं.

बुकिंग करताना दोन खोल्या शिल्लक होत्या. एक पुढची, रस्त्यावरची. दुसरी मागची, आतल्या चौकाकडे तोंड करून, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भाड्यात चांगलाच फरक. मी मागची घेतली, आणि जुन्या हॉटेलात पुढेही मागचीच घेणार. जुन्या खिडक्यांना काचेचा एकच पदर असतो, रस्त्याचा आवाज त्या अडवू शकत नाहीत. चौकात मात्र आत्ता एक नळ ठिबकतोय, बाकी काही नाही.

जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत. पाऊल आपसूक त्याच खळग्यात पडतं. पहिल्या मजल्यावर छत उंच, दारं रुंद. वर येऊ तसतसं सगळं आखडत जातं. लिफ्ट नव्हती तेव्हा मानाच्या खोल्या खाली असत आणि जिने चढायचे ते कमी पैसेवाल्यांनी. ओटिस या अमेरिकी संशोधकाने माणसांची ने-आण करणारी लिफ्ट न्यूयॉर्कच्या एका दुकानात १८५७ मध्ये बसवली; पुढे लिफ्ट हॉटेलांत रुळली आणि वरचा मजला महाग झाला. या इमारतीत लिफ्ट आलीच नाही, म्हणून इथे अजून जुनाच हिशेब चालतो. गुडघे दुखणाऱ्यांनी बुकिंगआधी हे जरूर विचारून घ्यावं.

पण मला लिहायचं आहे ते छताबद्दल.

संध्याकाळी पाठ टेकली तेव्हा दिसलं. भिंत आणि छत मिळतात तिथे गिलाव्यात वेलीची नक्षी काढली आहे. पान, पान, मग एक कळी. नजर तिच्याबरोबर फिरवत नेली तर दाराजवळच्या कोपऱ्यात वेल एका कोऱ्या भिंतीत घुसते आणि नाहीशी होते, ऐन कळीवर. उठून बाथरूममध्ये गेले, दिवा लावला, वर पाहिलं. उरलेली अर्धी कळी तिथे होती! त्यापुढे पान, पान, आणि मग शॉवरच्या वाफेने फुगलेला रंग.

म्हणजे बाथरूम नंतर आलं, खोलीचाच कोपरा कापून. अमेरिकेत बॉस्टनचं ट्रेमाँट हाउस हे हॉटेल १८२९ मध्ये उघडलं तेव्हा खोल्यांना कुलपं आणि पाहुण्यांना फुकट साबण ही मोठी नवलाई होती, पण शौचालयं तिथेही तळमजल्यावरच. प्रत्येक खोलीला स्वतःचं बाथरूम हे मध्यम भाड्याच्या हॉटेलात सर्रास दिसू लागलं ते स्टॅटलर या अमेरिकी हॉटेलमालकाने १९०८ मध्ये बफेलो शहरात तसं हॉटेल काढल्यानंतर. त्याआधीच्या इमारतींना मग जमेल तिथे भिंती घालाव्या लागल्या. म्हणून इथलं बाथरूम अरुंद, बेसिन तिरकं, आणि गरम पाणी यायला बराच वेळ लागतो. भाडं कमी आहे त्यात या अडचणींचाही वाटा आहे, हे मला मान्य आहे. ज्या कुणी ही भिंत घातली त्याने नक्षी खरवडून काढली नाही, तिला धक्का न लावता भिंत वरपर्यंत नेली. त्या गवंड्याचे मला मनापासून आभार मानावेसे वाटतात.

खिडकीची दोन तावदानंही जुनी आहेत. डोकं हलवलं की समोरचा कठडा पाण्यात पडल्यासारखा हलतो. वर्षानुवर्षांत काच ओघळते म्हणून असं दिसतं, असं पुष्कळ जण सांगतात, ते खरं नाही. पूर्वी काच फुंकून तिची लांब नळी करत, ती उभी चिरून तापवून सपाट करत. लाट तेव्हाच राहून जायची. वितळलेल्या कथलावर तरंगवून केलेली सपाट काच पिल्किंग्टन या ब्रिटिश काच कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली. तिसरं तावदान तसलं नवं आहे. त्यातून कठडा सरळ दिसतो, आणि मी त्यातून फारसं पाहिलं नाही.

वरच्या फळ्या कुरकुरतायत, कुणीतरी आत्ताच आलं असावं. चार पावलं, थांबणं, परत दोन.

मघाशी किल्ली घेताना गृहस्थ म्हणाले, उद्या पुढची मोठी खोली रिकामी होतेय, त्याच भाड्यात देतो, सामान वर-खाली करायला माणूसही पाठवतो. त्यांनी फार आपुलकीने विचारलं. मी म्हटलं, नको, मला हीच राहू द्या.