हक फिन आणि आमची बेळगावी बोली

गेला महिनाभर खानापूर-बेळगाव बसमध्ये हकलबेरी फिन वाचूलालोय, खिडकीची सीट मिळाली तर. कॉलेजात इंग्लिशच्या तासाला क्लासिक म्हटलं की झोप यायची, गाईड पाठ करायचं आणि पास व्हायचं, खरं पुस्तक कुणी उघडलंय! आता कळलं की अमेरिकन लेखक मार्क ट्वेनसाहेबांनी १८८४ सालात छापून आलेली ही अख्खी कादंबरी हक नावाच्या एका अडाणी पोराच्या बोलीत लिहिली, पहिल्या वाक्यापासनंच ग्रामर चुकीचं, आणि सुरुवातीलाच सांगून टाकलंय की यातल्या बोली मुद्दाम आणि मेहनतीनं वापरल्यात. आणि मी पुण्यात पोरांसमोर "काय करूलालास" तोंडातून गेलं की जीभ चावायचो, कन्नड मिक्स म्हणून हसायचे ना सगळे.

सगळ्यात भारी जागा म्हणजे तो चिठ्ठीचा सीन. पळालेल्या गुलाम जिमला पकडून द्यायची चिठ्ठी हक लिहितो, मग नदीवरचे दिवस आठवत बसतो, आणि नरकात जाईन तर जाईन म्हणून फाडून टाकतो. तिथं माझा देसूरचा स्टॉप गेला. कंडक्टर म्हणाला, "काय ओ, झोपलासा काय?"