मोठी जुनी एसयूव्ही घेण्याआधीचे चार महिने

आमच्या घरात सात माणसे आहेत: आई-वडील, आम्ही दोघे आणि तीन मुले, त्यांतली धाकटी अजून चाइल्ड सीटमध्ये बसणारी. प्रत्येक प्रवासाला दोन गाड्या काढायच्या आणि एकमेकांची वाट पाहत थांबायचे, याचा कंटाळा आला, तेव्हा तीन रांगांची, पूर्ण आकाराची एसयूव्ही घ्यायचे ठरले. नवी गाडी आवाक्याबाहेर होती. वापरलेली घ्यायची म्हटल्यावर पहिल्यांदा हे उमगले की अशा गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, तिच्या सुट्या भागांची मात्र उतरत नाही. अडीच टनांच्या आसपास वजन असलेल्या गाडीचे ब्रेक, टायर आणि शॉकॲब्सॉर्बर त्या वजनाला साजेसेच असतात आणि त्यांचे बिलही तसेच येते. म्हणून हाताशी असलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवायचा आणि उरलेल्या रकमेत बसेल तेवढीच गाडी पाहायची, असे आम्ही दोघांनी कागदावर लिहून ठेवले. पुढे दोन वेळा मन घसरले, तेव्हा हा कागदच उपयोगी पडला.

इंजिन, मायलेज, रंग या चर्चेत महिना गेल्यावर लक्षात आले की ज्या तिसऱ्या रांगेसाठी हा सगळा खटाटोप चालला होता, तिच्यात अजून कोणी बसूनच पाहिले नव्हते. त्यानंतर प्रत्येक गाडी पाहायला घरची निदान चार माणसे आणि चाइल्ड सीट बरोबर नेली. बाहेरून अवाढव्य दिसणाऱ्या काही गाड्यांची मागची जमीन इतकी उंच असते की मोठ्या माणसाचे गुडघे छातीशी येतात. याचे कारण बहुधा मागच्या ॲक्सलमध्ये असते. मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा अखंड ॲक्सल खड्ड्यात वर-खाली होताना त्याला जागा लागते आणि ती जागा वरच्या फरशीतून काढली जाते. फोर्ड एक्स्पिडिशनला 2003 पासून मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणजे मागची दोन्ही चाके आपापली वर-खाली होतात; शेव्हरोले टाहोला ते 2021 च्या मॉडेलपासून मिळाले, आणि त्याआधीच्या टाहोत मागे बसल्यावर हा फरक शब्दशः अंगाला जाणवतो. टोयोटा लँड क्रूझरच्या 200 मालिकेत तिसऱ्या रांगेची आसने दुमडून डिकीच्या दोन्ही बाजूंना टांगली जातात, त्यामुळे ती वापरात नसतानाही सामानाची रुंदी खातात. वडिलांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले असल्याने त्यांना मागे चढता येणार नव्हतेच. तिसरी रांग थोरल्या दोघांची, मधली आजी-आजोबा आणि चाइल्ड सीटची, अशी वाटणी झाली. मधल्या रांगेत चाइल्ड सीट बसवल्यावर तिच्या बाजूचे आसन पुढे दुमडत नाही आणि मागे जायची वाट बंद होते, हे आम्हाला तिसऱ्या गाडीत कळले. सीट घरून नेली नसती तर ते गाडी घेतल्यावरच कळले असते.

इंजिनाबद्दल लोक फार ठामपणे बोलतात. मी मात्र एका साध्या प्रश्नापाशी थांबलो: या इंजिनातला महागडा, ठरावीक अंतराला येणारा खर्च कोणता, आणि तो आधीच्या मालकाने केला आहे का? उदाहरणार्थ, पहिल्या पिढीच्या टोयोटा सिक्वोयातील 4.7 लिटरच्या व्ही-8 इंजिनाला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे भाग एका लयीत फिरवणारा रबरी पट्टा, आहे आणि तो साधारण दीड लाख किलोमीटरच्या आतबाहेर बदलावा लागतो; नंतरच्या 5.7 लिटरच्या इंजिनाला त्याच कामासाठी साखळी आहे. साखळी म्हणजे कायमची सुटका, असे विक्रेते सांगतात. पण वेळेवर ऑइल न बदललेल्या इंजिनातली साखळीही ताणली जाते आणि थंड इंजिन सुरू करताना खडखडते. डिझेल घेणाऱ्याने आधीची गाडी कुठे फिरत होती हे विचारावे. रोज दोन-चार किलोमीटरच चाललेल्या डिझेल गाडीच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरला पुरेशी उष्णता मिळत नाही, साचलेली काजळी जळत नाही आणि तो फिल्टर बदलायचा खर्च डोळे पांढरे करतो. आमचाही बहुतेक वापर जवळचाच असणार होता, म्हणून डिझेल बाद केले. पेट्रोलचा खप जास्त आहे हे मान्य करूनच हा निर्णय घेतला.

आता एका सकाळची गोष्ट. गाडी देखणी होती, आतले कातडे चकचकीत होते आणि मीटरवर वयाच्या मानाने फारच कमी किलोमीटर होते. मी आदल्या दिवशी मुद्दाम सांगितले होते की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर तळहात ठेवला, तर पत्रा कोमट होता. विक्रेता म्हणाला की गाडी फक्त धुण्यासाठी हलवली. मी रागावलो नाही, पण कुठेतरी पाणी मुरते आहे हे समजले. गार इंजिन सुरू होताना जे काही बोलते ते गरम इंजिन बोलत नाही. निळसर धूर, पहिल्या काही सेकंदांतली खडखड, अडखळणारा स्टार्ट, हे सगळे पाच मिनिटांच्या गरमाईत लपून जाते. तरीही आलोच आहे तर पाहू, म्हणून आत बसलो. ब्रेक पेडलच्या रबराच्या रेघा एका कडेला पूर्ण झिजलेल्या होत्या, स्टिअरिंगचे कातडे वरच्या बाजूला गुळगुळीत झाले होते आणि चालकाच्या आसनाची बाहेरची कड बसकी झाली होती. एवढ्या कमी किलोमीटरमध्ये असे होत नाही. मग बरोबर नेलेले छोटे स्कॅनर डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला जोडले. त्यात दोषाचा एकही कोड नव्हता, पण गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या आपोआप करत असते त्यांतल्या बहुतेक अपूर्ण दिसत होत्या. याचा सरळ अर्थ असा की नुकतीच बॅटरी काढली गेली होती किंवा कोड पुसले गेले होते. त्या चाचण्या पुन्हा पूर्ण व्हायला गाडी काही दिवस वेगवेगळ्या वेगाने चालावी लागते. बडा घर पोकळ वासा! मी आभार मानून निघालो. परतताना बायकोने मात्र दोनदा विचारले की रंग किती छान होता ना.

यानंतर आम्ही विक्रेत्याकडून फोनवरच तीन गोष्टी मागू लागलो: सर्व्हिसची बिले, सतरा अक्षरांचा चेसिस क्रमांक आणि गाडीच्या खालच्या बाजूचे फोटो. चेसिस क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी गोंधळतात, त्यामुळे टंकलेल्या क्रमांकात ती दिसली की चूक तिथेच कळते. या क्रमांकावरून कंपनीने दुरुस्तीसाठी गाडी परत बोलावली होती का, हेही तपासता येते, आणि जुन्या गाडीत हे सोडून चालत नाही. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधला अमोनियम नायट्रेटचा भाग उष्णता आणि दमटपणाने वर्षानुवर्षे बिघडत जाऊन फुटताना धातूचे तुकडे उडवू शकतो, असे उघड झाल्यावर अनेक कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ती दुरुस्ती फुकट होते, पण ती करून घेण्याचा कंटाळा केलेल्या मालकाची गाडी आपल्या वाट्याला येऊ शकते. बिले मागितल्यावर दहापैकी सहा-सात जण गप्पच झाले. त्या गप्प बसण्यानेही आमचा बराच वेळ वाचला.

चेसिस हा या गाड्यांचा कणा असतो. पूर्ण आकाराच्या बहुतेक एसयूव्हीमध्ये शिडीसारखी वेगळी चेसिस असते आणि तिच्यावर बॉडी बोल्टने बसवलेली असते. बॉडीवरचा गंज घासून रंगवता येतो, चेसिस पोखरली तर गाडी संपली. लिफ्टवर चढवलेल्या एका गाडीखाली मेकॅनिकने छोट्या हातोडीने चेसिसवर ठोकत जायला सुरुवात केली. पुढे टणटण आवाज येत होता, मागच्या स्प्रिंगच्या आधाराजवळ तो एकदम बद्द झाला, आणि ताज्या काळ्या रंगाचा पापुद्रा सुटून खालून तपकिरी चुरा त्याच्या बाहीवर पडला. तो काही बोलला नाही, नुसते माझ्याकडे पाहिले. विकण्याच्या तोंडावर खालून मारलेला नवा काळा रंग पाहिला की मला तेव्हापासून तो चुरा आठवतो.

ज्या मॉडेलच्या दोन गाड्या आम्ही नाकारल्या होत्या, शेवटी घेतलेली गाडी त्याच मॉडेलची होती. तिचे किलोमीटर त्या दोन्हींपेक्षा जास्त होते आणि दारावर एक लांब ओरखडा होता. पण मालकाकडे पहिल्या दिवसापासूनची बिले एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावलेली होती, त्यात गिअरबॉक्सचे ऑइल दोनदा बदलल्याची नोंद होती, आणि आम्ही गेलो तेव्हा बॉनेट थंडगार होते. गिअरबॉक्सच्या ऑइलचा रंग लालसर होता. ते काळपट असते आणि जळका वास येत असता तर मी पुढे गेलो नसतो. मोकळ्या कच्च्या जागेवर फोर-व्हील ड्राइव्हचा लो गिअर टाकून पाहिला, कारण अनेक मालक तो वर्षानुवर्षे वापरत नाहीत आणि मग तो अडकतो. उतरंडीवर, वळणावर आणि जोरात ब्रेक लावून असे पाऊण तास गाडी चालवली, एसी तिन्ही रांगांत तपासला, आणि मग माझ्याच ओळखीच्या मेकॅनिककडे लिफ्टवर नेली. विक्रेत्याने सुचवलेल्या मेकॅनिककडे जाऊ नये, हे मी वेगळे सांगायला नको.

मेकॅनिकने चार पाने भरून लिहून दिले. मागचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर ऑइल गाळत होते, पुढच्या सस्पेन्शनच्या दांड्यांची रबरी बुशे फाटली होती, आणि टायर जाडीला चांगले दिसत असले तरी त्यांच्या कडेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे पाहिल्यावर ते नऊ वर्षांचे निघाले. त्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही शाबूत असली तरी दहा वर्षांपुढे टायर वापरू नये असे टायर कंपन्याच सांगतात, आणि सात माणसांच्या वजनाखाली मला त्या मर्यादेपर्यंत जायचे नव्हते. ही चार पाने मालकासमोर ठेवली. त्यांनी टायर आणि शॉकॲब्सॉर्बरचा खर्च किमतीतून कमी केला, बुशांचा केला नाही, आणि तेवढ्यावर व्यवहार झाला.

गाडी घरी आल्यावर पहिल्याच महिन्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) आणि दोन्ही डिफरन्शियलची ऑइले, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलले. टायर पाचही एकाच बनावटीचे घेतले, कारण चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत वेगवेगळ्या घेराचे टायर ट्रान्सफर केसवर नाहक ताण आणतात. ओरखडा तसाच ठेवला आहे. बाजूला काढलेल्या पाचव्या हिश्शातले थोडे पैसे अजून शिल्लक आहेत. ते मागच्या एसीसाठी आहेत: चेसिसच्या कडेने मागे जाणाऱ्या त्याच्या नळीवर मेकॅनिकने बॅटरीच्या उजेडात गंजाचा पहिला ठिपका दाखवला आणि पुढच्या उन्हाळ्याआधी हात लावावा लागेल, असे सांगितले आहे.