रिपीट मारणारी प्रेस आणि शिफ्टची पहिली दहा मिनिटं

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांत की-क्लचच्या पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा कापणारी किंवा वाकवणारी यंत्रं, आजही चालतात. तिथल्या सुपरवायझरला या प्रेसचा एक स्वभाव पक्का ठाऊक हवा. पॅडल दाबून क्लचची की (चावीसारखा तुकडा) फिरत्या फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे जड चाकात, एकदा अडकली, तर रॅम, म्हणजे दाब देणारा वरचा भाग, खाली येऊन परत वर जाईपर्यंत थांबत नाही. मध्ये हात दिसला तरी नाही. म्हणून अशा प्रेसला लाइट कर्टन (हात आत गेला तर मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावणं म्हणजे पैसा वाया आणि वर खोटा भरवसा. तिथे डायसमोर, म्हणजे साच्यासमोर, पक्का बसवलेला फिक्स गार्डच हवा. गार्ड डायला खेटून असेल, तर पत्र्याची पट्टी आत जाण्याची फट 6 मिलिमीटरच्या वर नको. जॉब (घडवायचा तुकडा) हातानेच ठेवायचा असेल, तर बाहेर सरकणारी डाय किंवा चिमटा द्या. पॅडलवर टोपी हवीच. वरून पडलेला एखादा जॉबही पॅडल दाबू शकतो.

शिफ्ट सुरू होताना डाय रिकामी ठेवून दहा स्ट्रोक मारायला लावा आणि जवळ उभं राहून बघा. सिंगल स्ट्रोकवर पॅडल दाबून धरलं तरी रॅम एकदाच खाली यायला हवा आणि दर वेळी वर त्याच जागी थांबायला हवा. वरची जागा ओलांडून पुढे घसरला, तर ब्रेक सैल आहे किंवा त्याच्या लायनिंगला (घर्षण-पट्टीला) तेल लागलंय. एका दाबात दोनदा मारलं, म्हणजे रिपीट मारलं, तर कीची कड गोल झाली असेल किंवा स्प्रिंग तुटली वा थकली असेल. ऑपरेटर म्हणतो, "साहेब, कधीतरीच मारते." हीच प्रेस सगळ्यात घातक, कारण हात तिला सरावलेला असतो. ब्रेक जरा आवळून शिफ्ट काढू नका. मेन स्विच बंद, त्याला कुलूप, चावी स्वतःच्या खिशात. मोटर बंद झाल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं. ते पूर्ण थांबू द्या, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक (रॅम खाली येऊ न देणारा ठोकळा) लावा, मगच कुणाचा हात आत जाऊ दे.

गार्ड निघतो तो बहुतेक डाय बदलताना. सेटर (डाय बसवणारा) सेटिंग करतो, पहिला पीस बरोबर येतो, माल सुरू होतो आणि गार्ड कोपऱ्यात पडून राहतो. उपाय साधा आहे: गार्ड बसल्याशिवाय पहिल्या पीसवर सही करायची नाही. उत्पादन अडलं म्हणून वरून फोन आला तरी नाही. ही सही तुमची आहे.

आवाजाकडे फार कमी सुपरवायझर बघतात. आठ तासांसाठी मर्यादा 90 डेसिबल, पण 95 ला चारच तास. इअर प्लग वाटून भागत नाही. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, प्लग घालून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरायचा. तेलकट हातांनी घातलेल्या प्लगने कान सुजतो आणि मग माणूस तो पुन्हा घालत नाही.

एवढं करूनही बोट तुटलंच, तर जखम दाबून धरा आणि हात उंच ठेवा. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळून बंद पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बर्फ थेट बोटाला लागला तर पेशी मरतात आणि ते पुन्हा जोडणं अवघड होतं. ही पिशवी आणि गॉज प्रथमोपचार पेटीत आजच आहेत का, ते बघून घ्या. बोटं जोडण्याची शस्त्रक्रिया जवळ कुठल्या रुग्णालयात होते, तेही पेटीच्या झाकणावर आधीच लिहून ठेवा.