भेगेत गेलेली डबी

मे महिन्यात विदर्भात कोणी फिरायला जातं का, असं पुण्यात निघताना तिघांनी विचारलं. आम्ही फिरायला नव्हे, आजोळी चाललो होतो. पुलगावला उतरलो, आर्वीकडची एसटी धरली. ही वाट पूर्वी छोट्या रेल्वेची होती. ती कधीच बंद पडली. मामांच्या अंगणात पोचेपर्यंत पाठ घामाने शर्टाला चिकटली होती.

पोरांना दुपारभर मोबाइलपासून कसं सोडवायचं, या विवंचनेतून खेळ निघाला. मामांनी चुन्याच्या पाच रिकाम्या डब्या धुतल्या, प्रत्येकीत मातीवरचं एक कोडं घातलं आणि पहाटे शेतात जाऊन लपवून आले. वेळ सहा ते नऊ. त्यानंतर उन्हात पाय ठेवला तर मामीशी गाठ.

मी उत्साहाने याला ‘खजिन्याचा शोध’ म्हटलं आणि तिथेच फसलो. पोरं खुरपी घेऊन निघालेली पाहून शेजारचे आजोबा ओट्यावरून ओरडले, “गुप्तधन शोधून रायले का रे पोट्टेहो?” ते हसत होते, पण मामीचा चेहरा उतरला. गुप्तधन म्हटलं की इकडे मांत्रिक, अमावस्या आणि त्यापुढचं सगळं आठवतं; 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी चालणारे अघोरी प्रकार आहेत ते उगीच नाहीत. मग आमच्या खेळाचं नाव झालं ‘मातीची शोधाशोध’. आजोबांना ते फारच मिळमिळीत वाटलं.

पहिलं कोडं होतं: ‘पावलाखाली वाजते, मुठीतून सांडते.’ ही बरडी. गावामागच्या टेकाडावरची, वीतभरही खोल नाही, दगडगोटेच जास्त. डबी तरोट्याच्या वाळल्या काड्यांखाली सापडली. थोडं उतरलं की खरडी, खाली मुरूम. पोरांना ती बरडीसारखीच वाटली. मला तरी कुठे फरक कळत होता! मामांनी दोन्हीकडची मूठ मूठ माती फडक्यावर पसरली, तेव्हा बरडीत खडे निम्म्याहून जास्त निघाले.

खरी गंमत मोरंडीपासून, म्हणजे त्याखालच्या मध्यम मातीपासून सुरू झाली. कोडं होतं: ‘शेवई होते, पण मोडते.’ माती पाण्याने भिजवायची आणि अंगठा व बोट यांच्यात दाबत पुढे सरकवायची. मोरंडीची शेवई बोटाच्या पेराएवढी झाली की तुटे. तीच कृती नाल्याकाठच्या काळीवर केली, तर शेवई लोंबायला लागली आणि पोरांची स्पर्धा जुंपली. पुस्तकात याला चिकणमातीचं प्रमाण ओळखण्याची रीत म्हणतात. माझ्या भाचीने मात्र ‘काळी माती म्हणजे मॅगी’ असं जाहीर केलं.

टेकाडापासून नाल्यापर्यंत चालायला दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि एवढ्यात चार माती बदलतात. सगळ्यांचा मूळ दगड एकच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट. पाऊस वरची बारीक माती धुऊन खाली नेतो, दगड वर राहतात. मामांना बेसाल्टशी देणंघेणं नाही. “वरच्या वावरात तूर, खालच्यात पऱ्हाटी,” म्हणजे कपाशी, एवढंच त्यांचं शास्त्र, आणि ते वर्षानुवर्षं चुकलेलं नाही.

चौथी डबी नाल्याच्या कापलेल्या काठात होती. तिथे काळ्या मातीत पांढरे खडे दिसतात, चुनखडी. एक खडा कुटून त्यावर व्हिनेगर टाकलं, तर फसफसलं. पोरांनी बाटली रिकामी केली, मामीच्या लोणच्याचं काय होणार याचा विचार न करता. शेजारच्या वावरातली संत्र्याची झाडं पिवळी पडली होती, पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या. मामा म्हणाले, “चुनखड लागलं.” चुना जास्त झाला की मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही.

पाचवं कोडं माझं आवडतं: ‘उन्हाळ्यात तोंड उघडते, पावसाळ्यात पाय धरते.’ काळी. भेगा इतक्या रुंद की भाच्याचा हात कोपरापर्यंत आत जाई. मामांनी डबी एका भेगेच्या ओठावर, ढेकळाआड ठेवली होती. भाच्याने ढेकूळ उचललं आणि डबी खाली गेली. टणकन आवाजसुद्धा नाही. दोरीला खडा बांधून सोडला, तो अडीच फुटांवर टेकला. डबी दिसेना. खणायला निघालो तर मामांनी थांबवलं, मोठी भेग आणखी ढासळेल म्हणून. बक्षीस कुठे आहे हे शेवटी त्यांनाच सांगावं लागलं: गोठ्यात, आंब्यांची डालगी.

परतीच्या गाडीत भाचा गप्प होता. पाऊस आला की डबी वर येईल का, एवढंच त्याने विचारलं. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, वरचं भेगांतून आत पडतं, खालचं हळूहळू वर सरकतं. म्हणून काळी आपली आपणच नांगरते असं म्हणतात. पण डबी कधी वर येईल हे मला कसं सांगता येणार?

जुलैत मामांचा फोन आला. पेरण्या आटोपल्या होत्या, भेग मिटली होती. “पोट्ट्याले सांग,” ते म्हणाले, “त्याच्या डबीच्या डोक्यावर पऱ्हाटी उभी हाय.”